मागची बाजू

सुतारमिस्त्रींची लेक दुकानात आल्यापासून घाईत होती, पण एकही हातोडी तिच्या पसंतीला उतरेना. ती नुसती मागची, खिळे उपसायची बाजूच निरखत होती.

दुकानदार वैतागला. "अगं, हातोडी ठोकायला घेतात. वजन बघ, दांडा बघ. सुताराच्या पोरीला हेही सांगायचं?"

"ठोकायला बाबांची जुनी आहे, काका. बाकी सगळं विसरले, ठोकणं तेवढं हातात राहिलंय. दिवसभर एकाच फळीवर खिळे ठोकतात. फळी भरली की काम संपलं म्हणून घरभर येरझाऱ्या घालतात." तिने पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. "शेजारणीला बसवून आलेय त्यांच्यापाशी."

"मग ही दुसरी कशाला?"

 

"ते झोपले की मी सगळे खिळे उपसते. सकाळी त्यांना काम नको?"