पहिल्या पानावरचे देव

घरात नवा फोन आला तसं सरजाबाईंनी सून उज्वलाला बजावलं, “देव पयल्या पानावर पायजेत. त्यायच्या शेजारी दुसरं काई नको.” उज्वलानं माहूरच्या देवीचं दर्शन, आरत्या, पंचांग सगळं पहिल्या पानावर घेतलं आणि बाकीचे अ‍ॅप मागं सारले.

आठवड्यानं उज्वलाला अडचण आली आणि ती रिवाजाप्रमाणं बाजूला बसली. सरजाबाईंना नांदेडहून रोज फोनवर नातवाला बघायची सवय, लेक दिपाली लातूरला. त्यांना स्वतःला फोनातलं काही येत नव्हतं.

“दिपालीला व्हिडिओ कॉल लाव की गं.”

“कसा लावू, आत्याबाई? उघडला की समोर देव. अन् देवाला शिवायचं न्हाई म्हणता.”

चार दिवस नातवाचं तोंड दिसलं नाही. पाचव्या दिवशी उज्वला न्हाऊन आली, तसा त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

“हे देव पार मागच्या पानावर नेऊन ठेव. अन् दर महिन्याला तुझी तारीख आली की आधीच नेत जा.”

आता महिन्यातले चार दिवस उज्वलासोबत देवही बाजूला बसतात.