बिनऔषधाचे टोमॅटो

शेजारच्या हफीजाने दोन परसांमधल्या दगडी गडग्यावरून कमळापुढे रिकामं वाडगं केलं.

"आलियासाठी थोडे टोमॅटो दे गो वयनी. सकाळपासून पोरीला दुसरं काय नको."

कमळाच्या मागे हरितगृहात टोमॅटो लालभडक लटकले होते. परसात पाइप वाकवून उभं केलेलं, पावसात प्लास्टिक आणि उन्हाळ्यात हिरवी जाळी पांघरणारं ते हरितगृह म्हणजे सगळ्या वाडीचं कौतुक. भर आषाढात दुसऱ्यांचे वेल कुजून जायचे, तेव्हा कमळाकडे कोथिंबीर मिळायची. आणि कशालाही औषधाचा थेंब नाही, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता ऐकवायची. ऐकवण्याची तिला जरा जास्तच हौस होती, हेही खरं.

आज पिकलेले नाहीत, असं तिने सांगून टाकलं. हफीजा काही आंधळी नव्हती. तिने टोमॅटोंकडे पाहिलं, मग कमळाकडे पाहिलं आणि वाडगं मागे घेतलं. कालचे थोडे उरलेत, त्यात भागवते, असं ती म्हणाली तेव्हा तिचा आवाज पडला होता.

कालचे कुठले, हे कमळाला समजेना. विचारल्यावर कळलं, की काल ती बाजारात गेली असताना हफीजाची गरोदर लेक आलिया शतपावली करत इकडे आली होती. रावजींनी, म्हणजे कमळाच्या नवऱ्याने, ओंजळभर टोमॅटो तोडून तिच्या ओढणीत घातले होते. पोटुशी बाई दाराशी आली तर तिला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही त्या घरची रीत.

मंगळवारी टोमॅटोवर पांढरी माशी बसली होती. राख टाकून झाली, निंबोळीचं पाणी मारून झालं, माशी हलायचं नाव घेईना. शेवटी रावजी बागेत गेलेले बघून कमळाने पडवीतली आंब्याच्या औषधाची बाटली काढली. मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी आणलेलं ते जहाल औषध तिने अंदाजाने पाण्यात ओतलं आणि फवारलं. माशी गेली. काही दिवस कुणाला एक फळ द्यायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं. रावजींना मात्र सांगितलं नाही. औषधाशिवाय काही होत नसतं, असं ते पहिल्यापासून म्हणत आले होते. त्यांच्यापुढे नाक खाली करायची तिची तयारी नव्हती.

आता तिला स्वतःचीच किळस आली. आलियाचं पहिलं पोर पोटातच गेलं, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर हफीजाला धरून कमळाच बसली होती. तरी एक क्षण तिच्या मनात येऊन गेलं, की गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नाही. मग तिला हफीजाच्या घरात उरलेले ते टोमॅटो आठवले.

"ते उरलेले टाकून दे, हफीजा. त्यांच्यावर औषध मारलंय मी. आंब्याच्या कलमांवरचं."

हफीजाला आधी काही उमगलंच नाही. मग तिने गडग्यावर हात टेकला. काल आलियाने ते घरी आल्या आल्या खाल्ले होते, नुसते ओढणीला पुसून. धुवायला कशाला हवेत, वयनीकडचे आहेत, असं आपणच तिला म्हटलं, हे तिने हळू आवाजात सांगितलं. ती रागावली असती तर कमळाला बरं वाटलं असतं.

"तू खाल्लेस त्यातले?" हफीजाने विचारलं.

"नाही."

"भावजींनी?"

कमळाने मान खाली घातली. मंगळवारपासून ती आमटीत आमसूल घालत होती, आणि रावजींनी टोमॅटो मागितले की अजून जरा पिकू देत म्हणत होती.

"त्यांना मी दिले नाहीत."

हफीजाने वळून आलियाला हाक मारली आणि कपडे बदल, डॉक्टरकडे जायचंय, असं सांगितलं. पोरीने आतून का म्हणून विचारलं, तेव्हा वाटेत सांगते, एवढंच ती म्हणाली. मीही येते, कमळा कशीबशी म्हणाली. हफीजा नको म्हणेल अशी तिची खात्री होती.

"ये," हफीजा म्हणाली. "आणि ती बाटली घे. डॉक्टर विचारतील काय मारलंत, मला सांगता येणार नाय."

बाटली पडवीत पंपाच्या मागे, गोणपाटाखाली दडवलेली होती. रावजी तिथेच सुपाऱ्या सोलत बसले होते. कमळाने त्यांच्या देखत गोणपाट उचललं. कुठे निघालीस ती बाटली घेऊन, त्यांनी विचारलं, आणि तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. माशी, फवारणी, आमसूल, आलियाने खाल्लेले टोमॅटो, काहीही मागे ठेवलं नाही. बघ, मी म्हणत नव्हतो, हे शब्द आता येणार म्हणून ती थांबून राहिली. आले असते तर तिने ते मुकाट्याने ऐकून घेतले असते.

रावजींच्या हातातली सुपारी तशीच राहिली.

"म्हणजे ते मी माझ्या हातानं दिलं तिला," ते म्हणाले.