डावी कूस

“काकू, उजव्या कुशीवर अजिबात झोपायचं नाही, उताणंसुद्धा नाही. डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन,” फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली. “नाहीतर महिन्याभरात वाकताही येणार नाही.”

मालनने मान हलवली. तिचा उजवा कान लहानपणीच गालगुंडाने गेलेला. ऐकू यायचं ते डाव्या कानाने, आणि डाव्या कुशीवर झोपलं की तोच उशीत बुडणार. कमरेखाली लुळ्या पडलेल्या नवऱ्याला रात्री दोनदा कूस बदलून द्यावी लागे. तो हाक मारी, ती उठे. त्यातच तिची पाठ गेली होती.

घरी आल्यावर तिने सांगितलं, तसा तो हसला. “झोप बिनधास्त. तीस वर्षांत कधी माझं ऐकलंस, ते आता ऐकणार? मला नाही गरज लागत आताशा.”

सकाळी ती कित्येक महिन्यांनी भिंतीला न धरता उठली. चहा ठेवताना चक्क गुणगुणली.

“हाक मारली होतीत का हो?” खाटेशी येऊन तिने विचारलं.

“छे गं.”

तेवढंही धड उमटलं नाही. त्याचा घसा पार बसला होता. तिने चादर बाजूला केली. रात्री निजवलं होतं त्याच कुशीवर तो होता, आणि खुब्यावरची कातडी लालभडक झाली होती.

तिने त्याच्या पाठीखाली हात घातले आणि त्याला वळवलं. कमरेतून कळ गेली. आज रात्री कुठल्या कुशीवर झोपायचं, हे आता तिला कुणी सांगायला नको होतं.