बिबट्याची एंट्री

"बिबट्या आला की सगळ्यांनी किंचाळत पळायचं," नव्या बाईंनी पुन्हा एकदा सांगितलं. स्नेहसंमेलन परवावर आलं होतं आणि मुलं काही केल्या ऐकत नव्हती.

व्हरांड्याच्या उसाच्या शेताकडच्या टोकावरून हर्षल दबकत आला. त्याच्या तोंडावर बिबट्याचा पुठ्ठ्याचा मुखवटा होता. हरणं आणि माकडं जागची हलली नाहीत. त्यांनी पहिलीतल्या सशांना मध्ये घेतलं, पाठीला पाठ लावली आणि हात उंच करून बिबट्याकडे एकटक बघत राहिली.

बाई वैतागल्या. शहरातल्या शाळेत त्यांनी हेच नाटक बसवलं होतं, तिथली मुलं हसत हसत पळाली होती.

"अरे, पुतळे झालात का? घाबरलात ना तुम्ही? मग पळा की."

शेवटी बिबट्यानेच मुखवटा कपाळावर सरकवला.

"बाई, पळायचं नसतं," हर्षल समजावणीच्या सुरात म्हणाला. "पळालं की तो मागून मान धरतो."

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

त्याने मुखवटा पुन्हा तोंडावर ओढला.

"कोणी नाय," आतून आवाज आला. "माझी धाकटी बहीण पळाली व्हती."