पुढे गेलेले ठसे

विमान आमच्या डोंगरावर आदळलं आणि त्यातून दोन अमेरिकन जिवंत निघाले. बोर्निओत तेव्हा जपान्यांचं राज्य होतं. त्यांना पत्ता लागला असता, तर अख्खं गाव राहतं ते आमचं लांबलचक घर त्यांनी माणसांसकट जाळलं असतं.

म्हणून पदानकाका दोघांना वरच्या रानात लपवायला निघाला. मी सगळ्यांत मागे, पाऊलखुणा पुसायला.

आमच्याकडे बूट कोण घालतं? काकाने त्यांचे बूट दगड भरून आधीच डोहात बुडवले होते. दोघं अनवाणी, लंगडत चालले होते.

ओढा ओलांडला, तर समोरच्या चिखलात बुटांचे ताजे ठसे. आम्ही निघालो होतो तिकडेच गेलेले.

"जपानी?" मी विचारलं.

"एवढा मोठा पाय? छे."

लीलंड नावाचा उंच अमेरिकन खाली वाकला. ठशातली टाचेची तुटकी कड त्याने दाखवली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

काका माझ्यावरच खेकसला. "ठसे पुसायलाच आलीस ना? मग पूस."

"मागचे पुसायचं ठरलं होतं. पुढचे तुम्ही पुसा."

काकाने वाट सोडली आणि कोयत्याने बांबूचं रान तोडत आम्हाला आत घुसवलं. तिथे कुणीच कधी गेलेलं नव्हतं.

आतही ठसे होते. त्यांत पाणी अजून झिरपत होतं.

मी चिडून पुसायला वाकले. बुटाच्या ठशाशेजारी एक लहान, अनवाणी पाऊल उमटलं होतं. डावं, माझ्या पायासारखंच करंगळी नसलेलं.

माझा डावा पाय अजून चिखलात टेकलाच नव्हता.