सोफ्यावरचा नवरा

तुलिक्कीचं चित्र कलेच्या इतिहासाला कलाटणी देणार होतं. पुरुषांनी आजवर बायकांना उघडं रंगवलं. आता पाळी बाईच्या नजरेची, असं जाहीर करून तिने नवऱ्याला, वेइक्कोला, सोफ्यावर नागडा आडवा रंगवला आणि कुहमो गावच्या वाचनालयात टांगला. गदारोळ होणार म्हणून ती चित्राशेजारी कंबर कसून उभी राहिली.

पहिल्या आल्या शेजारच्या लेम्पीमावशी. चष्मा लावून त्यांनी वेइक्कोला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शी! लाज नाही वाटली तुला?"

तुलिक्की खुलली. "का वाटावी?"

"अगं, सौनात वाफ घ्यायला लाकडी फळीवर उघडं बसतानासुद्धा आपण बुडाखाली टॉवेल घेतो. आणि हा मेला कापडी सोफ्यावर तसाच?"

मागच्या बायकांनी माना डोलावल्या.

"मी तेव्हाच म्हणालो होतो," तुलिक्कीच्या मागे उभा असलेला वेइक्को पुटपुटला.

दुपारी तुलिक्कीने त्याच्याखाली निळा टॉवेल रंगवला.