अर्धा अँपिअर

वरच्या आळीत पंधरा दिवे, खालच्या आळीत सतरा. घराला एकच, सगळे एका मापाचे. इंजिन एक, डायनॅमो एक. इंजिनघरात मात्र कंदील, कारण तेवढीही वीज सभासदांच्याच कामी यावी असा वीज सोसायटीचा ठराव होता.

एका दिव्याला अर्धा अँपिअर, बत्तीस दिव्यांना सोळा. डेव्हिडने कंदील वर धरून अँपिअर मोजणाऱ्या मीटरकडे पुन्हा पाहिलं. सुई साडेपंधरावर होती.

"एखाद्यानं लावला नसंल," तारांचं काम बघणारा कनिफनाथ म्हणाला.

"तू आत्ताच फिरून आलास ना?"

"आलो की. बत्तीस घरांत उजेड हाय."

डेव्हिड पुण्याला बी.एस्सी. झाला आणि सोसायटीने त्याला इंजिनावर नेमलं; गाव त्याला मास्तर म्हणायचं. स्वराज्य आलं त्याच दिवाळीत गावात वीज आली होती. राहात्याच्या बाजूला असं गाव दुसरं नव्हतं.

एरवी अर्ध्या अँपिअरसाठी कोणी अडून बसलं नसतं. पण ख्रिस्तवाडीची सोळा घरं अजून अंधारात होती. डायनॅमोची ताकद चोवीस अँपिअरची, म्हणजे आणखी बरोबर सोळा दिवे. डेव्हिडने तसा अर्ज केला होता आणि रविवारी सभेत त्याचा निकाल लागायचा होता.

त्याची मरियाआत्या ख्रिस्तवाडीतच राहायची. "तुजी वीज आमच्या कौलावरून जाती रं," ती म्हणायची, "आत काय येत न्हाई. उंबऱ्याला अडखळती का काय?"

सुईची गोष्ट चेअरमन सूर्यभान यांच्या कानावर गेली. ते इंजिनघरात आले, सुईकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"मास्तर, हिला बत्तीस मोजता येत न्हाईत, आन् तुमी अठ्ठेचाळीस मोजायला निघाला व्हय? डायनॅमो जळाला तर समदं गाव अंधारात."

मुद्दा खरा होता.

सूर्यभान वरच्या आळीचे, त्यांचा धाकटा भाऊ आसाराम खालच्या आळीचा. अकरा वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं फाटलं आणि बापाच्या घरात मधोमध भिंत उभी राहिली. एकाचं दार वरच्या आळीत, दुसऱ्याचं खालच्या. तेव्हापासून एकाने पूर्व म्हटलं की दुसरा पश्चिम म्हणायचा. सूर्यभाननी पहिला दिवा घेतला, म्हणून आसारामने दुसऱ्याच दिवशी घेतला आणि त्याच्यामागून अख्ख्या खालच्या आळीने. गावात म्हणत, आपली वीज इंजिनावर न्हाई, भावकीवर चालती.

शनिवारी दिवेलागणीनंतर डेव्हिडने परीक्षा घ्यायचं ठरवलं. कनिफनाथने दारोदार जायचं, घरधन्याला दिवा मालवायला लावायचं आणि शिट्टी फुंकायची. मग दिवा लावून पुढचं घर. डेव्हिड सुईसमोर बसला.

पहिली शिट्टी झाली. सुई अर्ध्याने उतरली, पुन्हा चढली. दुसरी शिट्टी, पुन्हा तेच. वरची आळी संपली, खालची सुरू झाली. शेवटची शिट्टी झाली तेव्हा सुई बत्तीस वेळा उतरली होती.

आणि सगळे दिवे लागल्यावर ती साडेपंधरावर उभी होती.

डेव्हिड सुन्न झाला. एकेक मोजले तर बत्तीस, एकदम मोजले तर एकतीस. असं गणित त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

कनिफनाथ घाम पुसत आला. "आसारामतात्या म्हातारपणी बहिरं झालं वाटतं. मी दारातच हुबा, तर केवढ्यांदा वरडलं, 'मालवा म्हणत्यात रं, मालवा!' मी दचकलो."

"सूर्यभान काय म्हणाले?"

"ते म्हनले, मास्तरला म्हणावं, सुई मेली तुजी."

रविवारी मारुतीच्या पारावर सभा बसली. खालच्या आळीतली माणसं आधीच कुरकुरत होती, ख्रिस्तवाडीला दिवे दिले तर आपला उजेड कमी होईल म्हणून. डेव्हिडने सुईचं खरं ते सांगितलं. बसताना त्याला कळून चुकलं की आत्याच्या घरी आणखी कित्येक दिवाळ्या अंधारात जाणार.

सूर्यभान उठले. त्यांनी आवाज असा लावला की पिंपळावरचे कावळे उडाले. "माज्या हयातीत ख्रिस्तवाडीला दिवा लागायचा न्हाई! वरच्या आळीत जो हात वर करंल त्यो माज्या बाजूनं!"

पंधरा हात वर झाले.

आसाराम ताडकन उभा राहिला. "ह्यो कोण गावाला अंधारात ठेवणारा? मी म्हणतो, लागलाच पायजे दिवा! खालच्या आळीला लाज असंल तर हात वर करा!"

आत्तापर्यंत कुरकुरणारे सतरा हात एकदम वर गेले. अर्ज मंजूर झाला.

"भांडणाचंबी कल्याण हुतं कवाकवा," कनिफनाथ पुटपुटला.

पुढच्या रविवारी ख्रिस्तवाडीत सोळा दिवे लागले. मरियाआत्या दिव्याखाली नुसतीच बसून राहिली. डेव्हिड तिथून निघतो न निघतो तोच कनिफनाथ धावत आला.

"मास्तर, सूर्यभानचा दिवा गेला. आन् आसारामचाबी. एकाच वक्ताला! आता दिवंबी भांडाय लागलं बगा."

डेव्हिड थबकला. मग इंजिनघरात जाऊन त्याने फळीवरचे दोन बल्ब खिशात घातले, कंदील घेतला आणि एकटाच वरच्या आळीत गेला.

दार सूर्यभाननी उघडलं. घसा अजून बसलेला होता. त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट केलं.

आढ्यावरून आलेली तार तिकडे वळवली होती. डेव्हिडने कंदील वर धरला. भिंतीत वीतभर रुंदीचं आरपार भोक होतं. त्यात बल्ब लोंबत होता, काळा पडलेला. भोकातून पलीकडून एक हात आला. तळव्यावर गुळाचा खडा होता.

"दादा, घे," आसारामचा आवाज आला. "सभेत लई वरडलास."

डेव्हिडने एकच बल्ब बसवला. दुसरा खिशात ठेवून तो इंजिनघरात परतला आणि कंदील सुईजवळ नेला.

साडेतेवीस.